हात वाढवू नका, कामं कमी करा: स्वयंसेवकांच्या बळावर जगलिंग संमेलन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा सहा जणांचा गट आठवड्यातून एकदा एकत्र सराव करतो. तुम्हाला शुक्रवार ते रविवार असं तीन दिवसांचं जगलिंग संमेलन, म्हणजे अनेक वस्तू एकदम हवेत फेकत-झेलत खेळणाऱ्यांचं संमेलन, भरवायचं आहे. दीडशे लोक यावेत अशी इच्छा आहे, पगारी माणूस एकही नसेल. सुरुवात कुठून करायची, आणि स्वयंसेवक किती गोळा करायचे?

पहिल्या वर्षी मीही हाच प्रश्न एका जुन्या आयोजकाला विचारला होता. उत्तर आलं, "मिळतील तितके." त्या सल्ल्यावर विसंबून आम्ही मोठ्या हौसेनं सगळं काही ठरवलं: रोज छापील पत्रक, दारावर अहोरात्र नोंदणी, तीन खोल्यांत एकाच वेळी कार्यशाळा, दोन रात्री दोन वेगळे प्रयोग. मग त्या सगळ्याला माणसं शोधत बसलो. संमेलन बरं झालं, लोक खूश होऊन गेले. पण रविवारी संध्याकाळी लक्षात आलं की तीन दिवसांत मी एकदाही चेंडू हातात घेतलेला नाही. आमच्यातल्या दोघांनी दुसऱ्या वर्षी नाव काढायचं नाही असं बजावून टाकलं, आणि ते पुन्हा खरंच आले नाहीत.

तेव्हापासून मी उलटीकडून हिशेब करतो. स्वयंसेवकही जगलरच असतात. ते खेळायला आलेले असतात, राबायला नव्हे. म्हणून आधी कामं छाटायची आणि मग उरतील तेवढीच माणसं मागायची. पुढचं सगळं याच अंगानं सांगतो.

संमेलनाला खरोखर काय लागतं ते आधी बघू. 1947 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला जादूगारांच्या संमेलनात काही जगलर एकत्र जमले आणि तिथेच आंतरराष्ट्रीय जगलर संघटनेची कल्पना आकाराला आली. युरोपातलं पहिलं संमेलन 1978 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला भरलं, तेही मोजक्याच लोकांचं. आज तेच युरोपीय संमेलन दर उन्हाळ्यात नव्या गावी भरतं, हजारोंनी लोक येतात, तरी त्याचा गाडा मुख्यतः स्वयंसेवकच ओढतात. पण छोटं असो वा अवाढव्य, त्याच्या पोटात एकच गोष्ट असते: उंच छताचं, मोकळ्या जमिनीचं, रात्री उशिरापर्यंत उघडं असलेलं एक सभागृह. दुसऱ्या दिवशी लोकांना विचारा काय आवडलं. "रात्री दोन वाजता एका अनोळखी माणसाबरोबर दीड तास पासिंग केलं," अशीच उत्तरं येतात (पासिंग म्हणजे एकमेकांकडे वस्तू फेकत खेळणं). प्रयोग आवडलेला असतोच, पण आठवण त्या दीड तासाची राहते. बाकी सगळं या सभागृहाभोवतीची सजावट आहे, आणि सजावट छाटता येते.

म्हणून सभागृह निवडताना जराही हयगय नको. ज्याला जगलिंग माहीत नाही अशा माणसाला पाहणीला पाठवू नका. तो खुर्च्या आणि वाहनतळ बघून येईल. स्वतः पाच चेंडू घेऊन जा आणि वर बघा.

छत किती उंच हवं याचा अंदाज कागदावर काढता येतो. माहिती-सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन स्वतः जगलर होता, आणि त्यानं जगलिंगचं एक साधं समीकरण मांडलं: चेंडू हवेत असण्याचा आणि हातात असण्याचा वेळ मिळवून त्याला हातांच्या संख्येनं गुणलं, तर उत्तर हात रिकामा असण्याचा आणि भरलेला असण्याचा वेळ मिळवून चेंडूंच्या संख्येनं गुणल्याइतकं येतं. चेंडू हातात 0.3 सेकंद राहतो आणि हात 0.15 सेकंद रिकामा असतो असं धरा. मग दोन हातांनी सात चेंडूंसाठी प्रत्येक चेंडू साधारण 1.28 सेकंद हवेत हवा, म्हणजे हातापासून दोन मीटर वर. नऊ चेंडूंना 1.73 सेकंद, म्हणजे सुमारे 3.65 मीटर. हात जमिनीपासून एक मीटरवर असतो, तेव्हा नऊ चेंडूंचा माथा 4.65 मीटरवर जातो. हे झालं अचूक फेकीचं. सराव करणाऱ्याची फेक अचूक कुठली! त्यावर मीटर-दीड मीटर सूट धरा. डायबोलोवाले, म्हणजे दोरीवर लट्टूसारखं चाक फिरवून उंच उडवणारे, तर या हिशेबात बसतच नाहीत. छत दिसलं की त्यांना तिथपर्यंत पोचायचंच असतं. माझी रेघ अशी: पाच मीटरच्या खाली असेल तर दुसरी जागा शोधा, सात मीटर असेल तर निर्धास्त व्हा.

क्षेत्रफळाचं गणित सोपं आहे. खेळणाऱ्या एका माणसाला, पासिंगच्या जोड्या आणि एकचाकी सायकली धरून, सरासरी दहा चौरस मीटर लागतात. बास्केटबॉलचं मैदान 28 बाय 15 मीटर, म्हणजे 420 चौरस मीटर. त्यावर 42 जण सुखानं खेळतील. कोणत्याही क्षणी जमलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक जमिनीवर असतात, बाकीचे गप्पा मारत, झोपलेले किंवा कार्यशाळेत. दीडशे लोकांना एकदम पन्नास जागा लागतील. मैदान आणि त्याच्या कडेची मोकळी पट्टी मिळून ते भागतं.

आता पाहणीत सुटणाऱ्या गोष्टी. दिवे: डोक्यावर थेट रोखलेले दिवे असतील तर वर बघणारा प्रत्येक जण आंधळा होतो. बाजूच्या भिंतींवर किंवा मैदानाच्या कडेनं असलेले उत्तम. दिव्यांना आणि आग विझवणाऱ्या फवाऱ्यांच्या तोंडांना जाळी आहे का? क्लब (फेकायचं बाटलीच्या आकाराचं दांडकं) आदळून पाण्याचा फवारा सुरू झाला तर त्याचं बिल तुमच्या अख्ख्या तिकीटविक्रीपेक्षा मोठं येऊ शकतं. हवा: वातानुकूलनाचा झोत रिंगा उडवून नेतो, तो बंद करता येतो का ते विचारा. जमीन: लाकडी असेल तर फार छान, सिमेंटवर क्लबची मूठ आणि टोक दोन दिवसांत फुटतात. मात्र लाकडी जमिनीचा मालक एकचाकी सायकलीच्या काळ्या टायरला आणि धातूच्या पेडलला घाबरतो, आणि ते रास्तच आहे. डाग न पाडणारे टायर आणि प्लास्टिकचे पेडल असतील तरच आत, हा नियम नोंदणीच्या वेळीच कळवा. दारात सांगितलात तर भांडण ठरलेलं.

आणि एक प्रश्न, जो आम्ही विचारला नव्हता: रात्रीचे दिवे कोण बंद करतं? आमच्या एका सभागृहात ते काम घड्याळ करत होतं. शुक्रवारी रात्री अकराच्या ठोक्याला सत्तर माणसं, दोनशेच्या आसपास हवेतल्या वस्तू, आणि मिट्ट काळोख. दोन सेकंद पावसासारखा आवाज आला आणि मग टाळ्या पडल्या. हसून झाल्यावर मात्र चावीवाल्याला शोधायला पाऊण तास लागला, कारण चावी एकाच माणसाकडे होती आणि तो फोन बंद करून झोपला होता. तेव्हा तीन गोष्टी लेखी घ्या: दिव्यांची कळ कुठे आहे, चावीच्या दोन जोड्या कोणाकडे आहेत, आणि रात्री अडचण आली तर कोण फोन उचलणार.

आता माणसांचं गणित. डोकी मोजू नका, तास मोजा. तुमच्यासारख्या संमेलनाची मनासारखी यादी केली तर ती काहीशी अशी होते. नोंदणीच्या टेबलावर दोघं, रोज बारा तास, तीन दिवस: 72 तास. रात्रीचा पहारा, दोघं, दहा तास, दोन रात्री: 40. मांडणीला आठ जण पाच तास: 40. आवरायला दहा जण चार तास: 40. मोठ्या प्रयोगाच्या रात्री रंगमंच, ध्वनी, दार धरून आठ जण पाच तास: 40. आगीच्या वर्तुळावर चौघं, दोन तास, दोन रात्री: 16. कार्यशाळांच्या फळ्यापाशी एक जण, चार तास, दोन दिवस: 8. बेरीज 256 तास. माणशी दोन तासांची एकच पाळी द्यायची म्हटलं तर 128 माणसं लागतील. दीडशेपैकी एकशे अठ्ठावीस!

म्हणून कात्री. नोंदणीचं टेबल खरं तर दोनदाच भरतं, शुक्रवारी संध्याकाळी पाच तास आणि शनिवारी सकाळी चार तास. तेवढा वेळच दोघं बसवा. एरवी टेबलावर एक फोन नंबर लिहून ठेवा, उशिरा येणारा फोन करेल. 72 चे 18 झाले. आवरणं: रविवारी शेवटच्या फेरीत सगळे जमलेले असतात. निवेदकानं सांगायचं, "जाताना प्रत्येकानं एक गादी किंवा दोन खुर्च्या भांडारात." शंभर माणसं वीस मिनिटांत सभागृह रिकामं करतात. उशीर केलात तर तीच माणसं अर्ध्या तासानं पार्किंगमध्ये असतात आणि मग पाच जणांना तेच काम चार तास पुरतं. 40 चे 10. मोठ्या प्रयोगाला पडदे, फिरते दिवे, प्रवेशिकांचे क्रमांक यांचा सोस सोडला तर पाच जणांत भागतं: 25. एकूण आता 157 तास.

रात्रीच्या पहाऱ्याला मात्र हात लावू नका. लोक आवारात झोपणार असतील तर दोघं जण जागे हवेतच, आणि सभागृह रात्री उघडं राहणं हाच तर सगळ्याचा गाभा आहे.

हे 157 तास येणार कुठून? नोंदणीच्या अर्जातच दोन तासांच्या पाळ्यांची यादी द्या आणि त्यातली एक निवडायला सांगा. दीडशेतले निम्मे निवडतील असं धरा: 75 माणसं, 150 तास. तुम्ही सहा जण प्रत्येकी चार तास: 24. एकूण 174. ऐन वेळी विसरणारे, झोपून राहणारे दहातले एक असतातच. त्यांचे 15 वजा करा. उरले 159. काठावर का होईना, जमलं. मूळच्या 256 तासांच्या यादीसह हे कधीच जमलं नसतं.

पाळी करणाऱ्याला तिकिटात सवलत द्यावी का, यावर जगलरांमध्ये न संपणारे वाद आहेत. माझं मत: देऊ नका. सवलत दिली की काम हा सौदा होतो, सौद्यात माणूस कमीत कमी देतो, आणि न आलेल्याकडून पैसे परत मागण्याची फुकट फौजदारी तुमच्या गळ्यात पडते. त्याऐवजी पाळी सुसह्य करा. दोन तासांहून मोठी पाळी नको. मोठ्या प्रयोगाच्या वेळेत नोंदणीवर कोणी नको. कार्यशाळांचा फळा सोडला तर एकट्याला कुठेच बसवू नका. दोघं असले की त्यातला एक खेळतो, मग दुसरा. शिवाय टेबलाशेजारी मोकळी जागा ठेवली तर ती पाळी लोक मागून घेतात.

तुमच्या सहा जणांचं काय? जागा, पैसा, नोंदणी, प्रयोग आणि सुरक्षितता अशी पाच कामं पाच जणांवर सोपवा, आणि प्रत्येक कामाची माहिती असलेला एक बदली माणूस ठरवा. सहाव्याला, जो सगळ्यात शांत डोक्याचा असेल त्याला, ठरलेलं काम काहीच देऊ नका. आपल्या वाट्याचे चार तास सोडले तर त्यानं फोन खिशात ठेवून सभागृहात खेळत राहायचं. अडचण आपोआप त्याच्यापर्यंत येते. आमच्याकडे ही कल्पना पहिल्यांदा मांडली तेव्हा "मग तो करणार काय?" असं सगळ्यांनी विचारलं. पहिल्या रात्री पाण्याचा नळ फुटला आणि प्रश्न मिटला.

पैसा. सोंगं सगळी आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. खर्च दोन ढिगांत मांडा: एकही माणूस आला नाही तरी होणारा, आणि माणशी वाढणारा. समजा पहिला ढीग 100 भाग, माणशी खर्च अर्धा भाग आणि तिकीट दीड भाग. प्रत्येक माणसामागे एक भाग सुटतो, म्हणजे शंभराव्या माणसाला तुम्ही बरोबरीत येता. तो आकडा तुमच्या आशेच्या दोन तृतीयांशापेक्षा वर जात असेल तर तिकीट वाढवण्याआधी पहिला ढीग कापा. दीडशेची आशा असेल तर शंभर हीच सीमा. जगलर नोंदणी शेवटच्या आठवड्यात करतात, त्यामुळे महिनाभर आधीपर्यंत तुमच्या पोटात गोळा असणार आहे. त्यावर उतारा म्हणजे ठरावीक तारखेपर्यंत स्वस्त तिकीट. सूट किती यापेक्षा तारीख ठाम असणं महत्त्वाचं; एकदा मुदत वाढवली की पुढच्या वर्षी कोणीच ती पाळत नाही. आणि थर्ड पार्टी विमा पहिल्या ढिगात धरा. आग असेल तर विम्याच्या कागदावर आगीचा उल्लेख आहे का ते वाचा. बहुतेकदा नसतो.

सामान विकणाऱ्यांकडून जागेचं भाडं घ्यायचा मोह टाळा. एक दुकान आलं की हरवलेल्या चेंडूची, तुटलेल्या डायबोलोच्या दोरीची सोय होते, लोक तासन्‌तास नवे क्लब हाताळत बसतात, आणि खेळांसाठी बक्षिसं तेच देतात. त्यांना फक्त कुलूप लागणारी खोली आणि एक वीजजोडणी द्या.

कार्यशाळांसाठी आयोजकांनी शिक्षक शोधत फिरू नये. एक मोठा पांढरा फळा, त्यावर वेळा आणि जागांचे रिकामे चौकोन, दोरीला बांधलेला पेन. ज्याला शिकवायचंय तो लिहील. तुम्ही आधी दोन-तीनच भरून ठेवा म्हणजे फळा भकास दिसत नाही. सकाळी दहाच्या आधीचा चौकोन आखूच नका. ओळीनं तीन वर्षं तो रिकामा राहिलेला मी पाहिला आहे. तास पन्नास मिनिटांचा ठेवा, मागचा गट उठून पुढचा बसायला दहा मिनिटं लागतात. "नवशिके", "प्रगत" हे शब्द फळ्यावर येऊ देऊ नका. पाच चेंडू खेळणारा स्वतःला नवशिका म्हणवतो आणि तीन चेंडू जेमतेम झेलणारा प्रगत वर्गात जाऊन बसतो. काय येत असलं पाहिजे ते लिहायला सांगा. साइटस्वॅप, म्हणजे प्रत्येक फेक किती उंच ते एकेका आकड्यानं लिहायची पद्धत, इथे फार कामाला येते: "531 आणि 441 सहज येत असेल तर" असं लिहिलं की कोणाला समजवावं लागत नाही. आकड्यांची सरासरी काढली की चेंडू किती तेही कळतं; 531 चे तीन, 97531 चे पाच. पासिंगच्या वर्गाला "जोडीला सहा सारखे क्लब" हे लिहायला विसरू नका, नाहीतर पहिली दहा मिनिटं क्लब गोळा करण्यात जातात. आणि वर्ग मुख्य सभागृहात नको. तिथे शिकवणाऱ्याचा घसा तासाभरात बसतो.

शनिवारी दुपारी खेळ. एक चांगला निवेदक आणि एक भोंगा एवढंच लागतं. पाऊण ते एक तास पुरे, त्याहून लांबलं की लोक पांगतात. टिकाव धरण्याची स्पर्धा तीन चेंडूंवर ठेवण्याची चूक एकदाच करा: निम्मे लोक गप्पा मारत अर्धा तास खेळत राहतील. पाच चेंडूंवर ठेवली की ती स्वतःहून संपते. नवशिक्यांसाठी तीनच हवे असतील तर "आता गुडघ्यावर बसा, आता गोल फिरा, आता एक डोळा मिटा" असं करत निवेदकानं लोक गाळायचे. क्लबची झटापट, म्हणजे तीन क्लब खेळत खेळत दुसऱ्याचा खेळ मोडायचा आणि शेवटचा उरेल तो जिंकला, ही सगळ्यात लोकप्रिय. पण चष्मे उतरवायला सांगा, आणि लहान मुलांची फेरी वेगळी घ्या. हनुवटीवर क्लब तोलण्याची स्पर्धा गर्दीचं छायाचित्र काढायला उत्तम. खेळ संपले की लगेच सगळ्यांनी एकदम आपापल्या वस्तू हवेत फेकायच्या. ही जुनी रीत आहे, आणि सगळ्यांचा एकत्र फोटो मिळण्याची ती एकच वेळ. त्या आधी मुलांना कडेला उभं करा. वर गेलेलं सगळं खाली येतं, आणि त्यात क्लबही असतात.

प्रयोगांबद्दल मी जरा हात आखडता घेऊन सांगतो, कारण नव्या आयोजकांची निम्मी शक्ती इथेच जिरते. पहिल्या वर्षी बाहेरून मोठे कलाकार बोलावून गाला शो करू नका. शनिवारी रात्री एक खुला रंगमंच करा. बारा प्रवेश, प्रत्येकी सहा मिनिटं, मध्ये एक विश्रांती. नावं दुपारी बंद. संगीताची फाइल नावासह आधी द्यायची, दोन पेनड्राइव्हवर ठेवायची, आणि फोनमधून वाजवायची नाही, कारण सादरीकरणाच्या मध्यातच कोणाचा तरी फोन येतो. प्रत्येकाला रंगमंचावर पाच मिनिटं उभं राहून दिवे बघू द्या; चेहऱ्यावर समोरून पडणारा पांढरा झोत जगलरला सहन होत नाही, दोन्ही बाजूंनी प्रकाश हवा. पार्श्वभूमी काळी असेल तर गडद क्लब प्रेक्षकांना दिसत नाहीत, हे कलाकाराला आधी सांगा. दोन डायबोलो एकामागे एक नको. तुमचा सगळ्यात खात्रीचा माणूस शेवटी ठेवण्यापेक्षा पहिला ठेवा. पहिल्या प्रवेशात तीनदा क्लब पडले तर पुढचे अकरा जण पडद्यामागे पांढरे पडतात.

कलाकार बोलावलेच तर मानधन, प्रवास, निवास आणि प्रयोगाचं चित्रीकरण कोण करू शकतं, एवढं लेखी हवं. मैत्रीत लिहून घेणं अवघड वाटतं, पण मैत्री टिकवायचा तोच मार्ग आहे.

मध्यरात्रीनंतर रेनेगेड. कोणतीही निवड नाही, तालीम नाही. एक गादी, एक दिवा आणि कोणी काहीही करून दाखवायचं. त्यातलं निम्मं टुकार असतं आणि उरलेल्या निम्म्यासाठी लोक वर्षभर थांबतात. त्याला एकच खमक्या निवेदक लागतो, ज्याला "आता पुरे" असं प्रेमानं म्हणता येतं. मुलांसाठी तो नाही हे दारावर लिहा आणि चित्रीकरण नको हेही.

आता आग. मशालीचे क्लब आणि पॉई (दोरीच्या टोकाला बांधून फिरवायचे गोळे) अंधारात सुंदर दिसतात, आणि तुमचं संमेलन बंद पाडू शकेल अशी हीच एक गोष्ट आहे. जागेच्या मालकाची आणि स्थानिक अग्निशमन विभागाची लेखी परवानगी नसेल तर बेत सोडून द्या. असेल तर: वाऱ्याची दिशा बघून मोकळं मैदान, कोरडं गवत नको, दोरीनं आखलेलं वर्तुळ. इंधनाचा डबा घट्ट झाकणाचा, धातूचा, वर्तुळापासून लांब, आणि तिथे कोणी पेटवायचं नाही. बुडवलेलं टोक आधी झटकून जादा इंधन काढायचं, मगच पेटवायचं. अंगात सुती कपडे. नायलॉन, पॉलिस्टर अजिबात नको, कारण ते वितळून कातडीला चिकटतं. प्रत्येक खेळणाऱ्यामागे ओलं जाड फडकं घेतलेला एक पहारेकरी, आणि त्याची नजर खेळाच्या सौंदर्याकडे नसून माणसाच्या केसांकडे आणि बाह्यांकडे हवी. दारू प्यायलेला माणूस वर्तुळात येणार नाही. याला अपवाद म्हणून कोणाचंही नाव घेतलं जाईल, ते ऐकू नका. वरच्या हिशेबातले 16 तास याच चौघांचे आहेत. त्यात कधीही काटछाट करू नका.

एरवीच्या दुखापती साध्या असतात: क्लब लागून सुजलेलं नाक, मुरगळलेलं बोट, एकचाकी सायकलवरून पडून खरचटलेली कोपरं. बर्फाच्या पिशव्या भरपूर ठेवा आणि प्रथमोपचार येणारा माणूस कोण आहे हे दारावर फोटोसह लावा. त्याच कागदावर आणखी दोन माणसांचे फोटो असू द्या, एक बाई आणि एक पुरुष, ज्यांच्याकडे कोणीही त्रासाची तक्रार घेऊन जाऊ शकेल. तक्रार आली तर काय करायचं, कोणाला संमेलनातून काढायचा अधिकार कोणाचा, हे सहा जणांनी आधीच बसून ठरवा. रात्री तीन वाजता, दोन्ही बाजू ओळखीच्या असताना, ते ठरवता येत नाही. अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण कोणाच्या जबाबदारीवर आला आहे ते नोंदणीतच लिहून घ्या.

वेळापत्रक? वर्षभर आधी जागा आणि तारीख. आजूबाजूच्या इतर संमेलनांच्या तारखा बघूनच ठरवा, कारण येणारी माणसं तीच असतात. सहा महिने आधी नोंदणी उघडा. दोन महिने आधी पाळ्यांची यादी. शेवटच्या महिन्यात नव्या कल्पनांना बंदी. त्या चांगल्या असतात, म्हणूनच धोक्याच्या. स्वयंपाकही पहिल्या वर्षी अंगावर घेऊ नका. लोकांना पिण्याचं पाणी, गरम पाण्याच्या आंघोळीची सोय आणि जवळ कुठे खायला मिळेल त्याचा नकाशा दिला की पुरतं.

संमेलन संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत हिशेब सगळ्यांसमोर मांडा, तोटा असला तरी. कोणत्या पाळीत माणसं कमी पडली आणि कोणत्या पाळीत नुसती बसून होती हे विसरायच्या आत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीची कात्री तिथूनच चालवायची आहे.

आणि एक खोकं राहतं, ते दर वर्षी राहतं. सगळ्यांचे पांढरे क्लब सारखेच दिसतात, त्यामुळे कोणाचा तरी कोणाकडे जातो. येताना प्रत्येकाला रंगीत चिकटपट्टीनं आपल्या वस्तूंवर खूण करायला लावा. तरीही शेवटी खोक्यात तीन-चार बेवारस क्लब, एकुलती एक रिंग आणि डझनभर चेंडू उरतातच. महिनाभर वाट बघून ते धुवून ठेवा. पुढच्या वर्षी नोंदणीच्या टेबलापाशी पाळी करणाऱ्या दोघांना खेळायला लागतील.